वजनकाट्याला न्यायाधीश कोणी केलं?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. वजनकाट्याशी नाही, तो बिचारा त्याला नेमून दिलेलं काम करतो. भांडण आहे ते काट्यावरचा एका सकाळचा आकडा उचलून माणसांना बक्षिसं वाटणाऱ्यांशी, त्याच आकड्यावर माणसांना नापास करणाऱ्यांशी, आणि त्या आकड्याच्या जिवावर पॅकेजं विकणाऱ्यांशी.

आयटीतल्या बहुतेकांना हा प्रकार ठाऊक असेल. वर्षातून एकदा एचआरला आपल्या तब्येतीची आठवण होते. मग मेल येते. मेलमध्ये सफरचंदाला गुंडाळलेल्या मोजपट्टीचं चित्र असतं (हे चित्र जगात एकच असावं आणि सगळे तेच वापरत असावेत), आणि खाली स्पर्धेचे नियम. आमच्या हापिसातले नियम असे: आठ आठवडे, दर सोमवारी सकाळी दहाच्या आत वजन, मूळ वजनाच्या किती टक्के उतरलं त्यावर क्रमांक, आणि तो क्रमांक लिफ्टसमोरच्या टीव्हीवर. शिवाय पाच-पाच जणांच्या टीम. म्हणजे काटा वर गेला तर तुमचं एकट्याचं नाही, टीमचं नाक कापलं जाणार.

पहिल्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या एकाने ३.८ किलो उतरवले. टाळ्या, फोटो, बक्षीस म्हणून ब्लूटूथ स्पीकर. कसे उतरवले ते त्याने चहाच्या टपरीवर आपणहूनच सांगितलं. भात, पोळी, साखर बंद. मीठ नावाला. आणि रविवारी दुपारनंतर पाणी बंद! "सोमवारी साडेदहाला दोन बाटल्या मारल्या, मग बरं वाटलं," हे वर.

दुसरीकडे टेस्टिंगमधली एक सहकारी. तीन आठवडे शिस्तीत चालली होती. रोज संध्याकाळी ४० मिनिटं चालणं, जेवण आठच्या आत, डब्यात चारऐवजी दोन पोळ्या. तिसऱ्या सोमवारी काटा ६०० ग्रॅम वर. टीव्हीवर नावापुढे लाल बाण. टीममधलं कोणीतरी म्हणालं, "अगं, वीकेंडला काय हाणलंस?" गमतीतच म्हणालं, वाईट हेतू नव्हता. पण बुधवारपासून तिचं चालणं बंद झालं. "माझ्या शरीराला काही लागूच पडत नाही रे," म्हणाली. पाचव्या सोमवारी आणखी एक जण, असाच रात्रभर कोरडा राहिलेला, जिन्यात घेरी येऊन खाली बसला. त्याला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं, आणि स्पर्धा चालूच राहिली.

आता प्रश्न असा की त्या लाल बाणाचा अर्थ काय होता? आणि त्या स्पीकरचा?

साधा हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. (हा ठोकताळा आहे. माणूस बारीक होतो तशी त्याची गरजही घटते, त्यामुळे वर्षभराचं गणित या एका गुणाकाराने मांडलंत तर फसाल. अमेरिकेतल्या एनआयएचचे केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये हेच दाखवलं. पण चार-आठ दिवसांच्या हिशोबाला ठोकताळा चालतो.) समजा तुम्ही रोज गरजेपेक्षा ५५० कॅलरी कमी खाताय. हे काही थोडं नाही, बऱ्यापैकी निग्रह लागतो याला. तर दिवसाला चरबी जाते सुमारे ७० ग्रॅम. आठवड्याला अर्धा किलो. हा झाला आपला सिग्नल.

आता नॉइज बघा. एक लिटर पाणी प्यायलात की काटा एक किलो वर. तत्क्षणी. लघवीला जाऊन आलात की तीन-चारशे ग्रॅम खाली. दुपारचं जेवण ताटासकट नव्हे, पण ताटातलं सगळं, पोटात गेल्यावरही तेवढंच वजन भरतं. ते आतड्यातून पुढे सरकायला दिवस-दोन दिवस घेतं. मग मीठ. सलाईनच्या लिटरभर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या रक्ताला साधारण तेवढाच खारटपणा चालतो. रात्री मिसळ, वर पापड, लोणचं, शेव असं करून चार-साडेचार ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं तर मूत्रपिंड ते बाहेर काढेपर्यंत शरीर अर्धा लिटर पाणी धरून ठेवू शकतं. नवा व्यायाम सुरू केलात, मांड्या ठणकताहेत, तर त्या सुजलेल्या स्नायूंतही पाणी असतं. म्हणजे जो माणूस सोमवारी हौसेने जिमला लागला, त्यालाच गुरुवारी काटा वर दिसतो. काय न्याय आहे!

सगळी बेरीज केली तर कुठल्याही सुखवस्तू माणसाचं वजन दोन सकाळींमध्ये किलो-दीड किलो सहज इकडे-तिकडे होतं. सिग्नल ७० ग्रॅम, नॉइज हजार ग्रॅम. मला सांगा, तुमच्या सर्व्हरच्या मॉनिटरिंगमध्ये असा सेन्सर असता तर त्याच्या एका रीडिंगवर तुम्ही रात्री अडीचला कोणाला झोपेतून उठवलं असतंत का? एका सेकंदाचा सीपीयूचा आकडा पाहून कोणी डेटा सेंटर बंद करत नाही. लोड ॲव्हरेज बघतात. एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. हे आपण पोटापाण्यासाठी रोज करतो, आणि स्वतःच्या पोटाची गोष्ट आली की सगळी अक्कल गहाण.

एका रात्रीत दीड किलो "वाढलं" म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांसाठी उलटा हिशोबही करून ठेवतो. दीड किलो चरबी चढायला साधारण ११,५०० कॅलरी जास्तीच्या लागतील. एक वडापाव ३०० चा धरला तर झाले ३८ वडापाव. रोजचं जेवण सोडून, वर. खाल्ले होतेत का? नाही ना? मग ती चरबी नाही. विषय संपला.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी पॅरिस ऑलिंपिक आठवावं. ७ ऑगस्ट २०२४. विनेश फोगाट, ५० किलो गट, अंतिम फेरीची सकाळ, काटा १०० ग्रॅम जास्त, आणि पदक गेलं. तेव्हा सगळा देश १०० ग्रॅमबद्दल बोलत होता. मला त्यातला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटला. आदल्या सकाळी ती गटाच्या मर्यादेत बसली होती, आणि दिवसभराच्या कुस्त्या, खाणं आणि पाणी झाल्यावर संध्याकाळी मर्यादेच्या २.७ किलो वर होती. हे पथकाचे डॉक्टर दिनशॉ पार्डीवाला यांनीच सांगितलं. मग रात्रभर व्यायाम, घाम, पाणी नाही, केससुद्धा कापले, आणि सकाळी पुन्हा ५०.१. म्हणजे चोवीस तासांत तीन कुस्त्या खेळलेल्या, तुमच्या-माझ्यापेक्षा शंभरपट शिस्तीच्या बाईचं वजन अडीच किलोच्या वर चढलं आणि पुन्हा उतरलं. यात चरबी किती हलली असेल? नगण्य. तो सगळा पाण्याचा, घामाचा आणि अन्नाचा खेळ. कुस्तीला गट लागतात, तिथे काटा लावणं भाग आहे. तिथेसुद्धा या खेळात खेळाडू मरणाच्या दारात जाऊन येतात. आपल्या हापिसाला कसला गट लावायचाय? लिफ्टची क्षमता तपासायची आहे का?

माझे मामा शेवटची चार वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन वेळा मी किंवा मामेभाऊ त्यांना घेऊन जायचो. आधी वजन, चार तास मशीन, पुन्हा वजन. अडीच किलो कमी, कधी तीन. तंत्रज्ञ वहीत आकडा लिहायचा आणि पुढच्या पेशंटकडे वळायचा. "वा काका, काय बारीक झालात!" असं तिथे कधी कोणी म्हणालं नाही. कारण त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की गेलं ते पाणी. हृदय कमजोर असलेल्या पेशंटलाही डॉक्टर रोज सकाळी वजन करायला सांगतात, ते याच कारणासाठी. एका दिवसात किलोभर वाढलं तर "काल काय हाणलंत" असं ते विचारत नाहीत. "पाणी साठतंय, लगेच फोन करा" म्हणतात. म्हणजे ज्या लोकांना वजन खरोखर वाचता येतं ते रात्रीत झालेल्या फरकाला पाणी म्हणतात. फक्त स्पर्धावाले आणि पॅकेजवाले त्याला चरबी म्हणतात.

पॅकेजवाल्यांकडे वळू. "७ दिवसांत ४ किलो, नाहीतर पैसे परत." हे बोर्ड तुम्ही सिग्नलला थांबल्यावर वाचले असतील, आता ते मोबाइलमध्येही घुसलेत. गंमत म्हणजे यातले बरेच जण खोटं बोलत नाहीत! चार किलो उतरतात. कसे? आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं, म्हणजे साठवलेली साखर म्हणा. प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी बंद केलीत की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा खाली येतो आणि सोबतचं पाणी निघून जातं. दीड किलो इथेच गेले. मीठ तोडलं की आणखी पाणी. खाणंच कमी, त्यामुळे आतडी रिकामी. उरलेली असते थोडीशी खरी चरबी. झाले चार किलो. पैसे परत देण्याची वेळच येत नाही. मग तुम्ही एका लग्नाला जाता, पंगतीत मसालेभात आणि दोन जिलब्या खाता, ग्लायकोजेन पुन्हा भरतं, पाणी परत येतं, आणि सेंटरमधल्या मॅडम म्हणतात, "बघा, तुम्ही डाएट मोडलंत!" पुढचं पॅकेज घ्या. उतरलं ते त्यांच्यामुळे आणि चढलं ते तुमच्यामुळे. अशी बिझनेस मॉडेलं आपल्याला कोडिंग करून का सुचत नाहीत देव जाणे :-)

मी स्वतः असं एक सेंटर पाहिलंय जिथे पहिलं वजन संध्याकाळी सात वाजता, बूट-पाकीट-मोबाइलसकट घेतलं होतं आणि नंतरची सगळी सकाळी उपाशीपोटी, अनवाणी. यावर अधिक लिहीत नाही.

बायकांच्या बाबतीत तर हा दर-सोमवारचा उद्योग सरळसरळ अन्याय आहे, आणि हे कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींच्या अंगात पाणी साठतं. कोणाला अर्धा किलो, कोणाला त्याहून बरंच जास्त, कोणाला अजिबात नाही. पाळी सुरू झाली की उतरतं. म्हणजे महिन्यात आठवडाभर असा की बाई कितीही नेटाने वागली तरी काटा वर जाऊ शकतो. तिचं आजचं वजन तुलना करायचंच असेल तर चार आठवड्यांपूर्वीच्या, चक्रातल्या त्याच दिवसाच्या वजनाशी करायला हवं. आठ आठवड्यांच्या स्पर्धेत अशी तुलना फार तर दोनदा होते. मग दर सोमवारी लाल-हिरवे बाण कसले लावताय? मी हे एचआरच्या मॅडमना समोरासमोर सांगितलं. त्या म्हणाल्या, "पॉइंट आहे, पण मग एंगेजमेंट कशी राहणार?" म्हणजे बाण आरोग्यासाठी नव्हतेच. टीव्हीवर काहीतरी हलतं हवं होतं.

आपल्या धंद्यात एक जुना धडा आहे. प्रोग्रामरला लिहिलेल्या ओळींवर पैसे द्या, तो ओळी वाढवेल. बग शोधण्यावर द्या, बग वाढतील. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात हे मांडलं: जो आकडा मोजमाप म्हणून बरा असतो तो लक्ष्य म्हणून पुढे ठेवला की त्याची विश्वासार्हता जाते. सोमवारच्या काट्यावर स्पीकर लावला की लोक चरबी कमी करत नाहीत, सोमवार कमी करतात. जिन्यात बसलेला तो मुलगा आळशी नव्हता, फसवा नव्हता. तुम्ही जे मोजलंत तेच त्याने तुम्हाला दिलं.

इथवर वाचून काही जण खूश झाले असतील, कारण दुसरा एक कंपू आहे. "काटा फेकून द्या, शरीर काय सांगतंय ते ऐका" असं म्हणणारा. त्यांच्याशीही माझं जमत नाही. माझं शरीर मला रोज रात्री अकराला सांगतं की फ्रिजमध्ये श्रीखंड आहे. त्याचं किती ऐकायचं? आमच्या घरात डायबेटिस तीन पिढ्यांचा आहे. मामांची किडनी त्यानेच गेली. मागच्या वर्षी माझं एचबीएवनसी ६.१ आलं, म्हणजे उंबरठ्यावर, आणि डॉक्टरांनी सहा-सात किलो उतरवा म्हणून स्पष्ट सांगितलं. मला काटा हवाच आहे. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते, किमान तीस पौंड उतरवून वर्षभर तरी ते टिकवणाऱ्या लोकांची. त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. मोजत राहणं वाईट नाही. (अपवाद आहेच. आकडा पाहिला की ज्यांना जेवणच टाकावंसं वाटतं किंवा खाल्लेलं उलटून काढावंसं वाटतं, त्यांनी काटा दुसऱ्याच्या घरी ठेवावा आणि डॉक्टरांशी बोलावं. यात लाजण्यासारखं काही नाही.)

तर मोजायचं, पण वाचायचं कसं? याचं उत्तर आपल्याच जातीच्या माणसाने देऊन ठेवलंय. जात म्हणजे प्रोग्रामरची, उगाच भुवया उंचावू नका. जॉन वॉकर, ऑटोकॅड काढणाऱ्या ऑटोडेस्कचा एक संस्थापक. २०२४ मध्ये गेला. त्याने १९९१ मध्ये 'द हॅकर्स डाएट' नावाचं पुस्तक लिहिलं आणि पुढे फुकट वाटलं. सोबत एक्सेलच्या फाइली! त्यातली मुख्य कल्पना चार ओळींत मावते. रोज सकाळी एकाच वेळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. ते लिहा आणि विसरा. बघायचा तो दुसरा आकडा, ट्रेंड. नवा ट्रेंड म्हणजे कालचा ट्रेंड, अधिक आजचं वजन आणि कालचा ट्रेंड यांतल्या फरकाचा दहावा हिस्सा. बस्स. ट्रेंड ८२.० आहे आणि लग्नाहून आल्यावर काट्याने ८३.५ दाखवले, तर ट्रेंड होतो ८२.१५. दीड किलोचा धक्का दीडशे ग्रॅमचा झाला. चार दिवसांत पाणी उतरलं की तोही जिरतो. आणि खरंच महिनाभर जास्त खात असाल तर हा ट्रेंड मुकाट वर चढतो, तुमची भीड ठेवत नाही. ही रेघ खऱ्या वजनाच्या आठवडाभर मागे चालते, एवढा एक दोष. तो मला गुणच वाटतो. घाई करता येत नाही.

माझ्या फाइलमधला एक महिना सांगतो. ३१ नोंदी. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा यांत २.६ किलोंचा फरक. ३० पैकी १३ सकाळी काटा आदल्या दिवसापेक्षा वर. आणि ट्रेंड? १.७ किलो खाली. हापिसाच्या पद्धतीने मी महिन्यातल्या चार सोमवारांपैकी दोनदा "नापास" झालो असतो. (असतो, कारण मी त्या स्पर्धेत नावच दिलं नव्हतं. त्यावरूनही बरीच बोलणी खाल्ली. "टीम प्लेयर नाही" वगैरे.)

काट्याबद्दल आणखी थोडं. तो तुमचं वजन पृथ्वीच्या ओढीवरून काढतो, आणि ही ओढ सगळीकडे सारखी नाही. मुंबईत जुळवलेला काटा तसाच लंडनला नेला तर ८० किलोच्या माणसाला तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवेल. ऑनसाइट जाणाऱ्यांनी घाबरू नये, ते बर्गर नव्हेत. गालिच्यावर ठेवलेला काटा भलतंच सांगतो. काही डिजिटल काटे तर मागचं रीडिंग लक्षात ठेवतात आणि फरक थोडाच असला तर तोच आकडा पुन्हा दाखवतात, गिऱ्हाइकाला वाटावं काय अचूक आहे! आणि ते फॅट टक्केवारी सांगणारे स्मार्ट काटे. ते चरबी मोजत नाहीत. एका पायातून दुसऱ्या पायात बारीकसा विजेचा प्रवाह सोडून अडथळा मोजतात, त्यात तुमचं वय, उंची घालतात आणि एका सूत्रातून अंदाज काढतात. पाणी कमी-जास्त झालं की अंदाज बदलतो. दशांश चिन्हानंतरचा तो आकडा पाहून हुरळू नका.

खरी मेख पुढेच आहे. समजा काटा अचूक, ट्रेंड अचूक. तरी वजन म्हणजे काय? हाडं, स्नायू, पाणी, चरबी, सगळ्याची एक बेरीज. बेरजेवरून रकमा कळत नाहीत. याचं जगातलं सर्वोत्तम उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये पानभराचा मजकूर छापला. दोघांचा शेजारी-शेजारी उभं राहून फोटो. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी यूडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्याच्या आणि उंचीच्या लेखी दोघे जुळे भाऊ. म्हणूनच आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी बीएमआयची रेघ २५ वरून २३ वर आणली, आणि कंबर बघायला सांगितली: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. हापिसातला जो बारीक, पोट सुटलेला मुलगा "मला काय गरज" म्हणून स्पर्धेतून सुटला, त्याला कदाचित सगळ्यात जास्त गरज होती.

आणि हे उलट बाजूनेही खरं आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. खाण्यात बदल आणि नियमित चालणं एवढं करणाऱ्यांत डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी. आणि वजन? त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! ही गोष्ट मी टेस्टिंगमधल्या त्या मैत्रिणीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मग हे त्या टीव्हीवर का नाही दाखवत?" मला उत्तर देता आलं नाही. ४० मिनिटं चालणाऱ्या बाईला चालणं थांबवायला लावणारी आरोग्य स्पर्धा, हा बग आहे की फीचर?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे प्रकरण वाढतंय. २०२५ मध्ये मुंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी चांगलंच आहे, माझा आक्षेप नाही. पण वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि काटा दोन्हींसाठी सारखाच हिरवा बाण दाखवतो. कोणी किती "उतरवलं" याची चढाओढ आता औषधं घेऊन होईल, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे फिरतील. फिरताहेतच.

म्हणून एचआरला मी लेखी कळवलं आहे. सोमवारचं वजन बंद करा, टीव्हीवरचे बाण बंद करा. काही मोजायचंच असेल तर आठवड्यात किती दिवस माणूस अर्धा तास चालला ते मोजा, आणि तेही त्याच्यापुरतं ठेवा. वजन ही पगारासारखी गोष्ट आहे, ज्याची त्याला माहीत. वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासून द्या, त्याचा अहवाल बंद पाकिटात द्या. कॅफेटेरियात संध्याकाळी पाचला समोशाशिवाय काहीतरी ठेवा. आणि सहाला निघणाऱ्या माणसाला "हाफ डे का?" असं विचारणाऱ्या मॅनेजरांना आवरा, म्हणजे लोक आपोआप चालायला जातील. या शेवटच्या वाक्यामुळे मेल पुढे सरकणार नाही असं मित्र म्हणतात. बघू.

ज्यांना स्वतःपुरतं सुरू करायचंय त्यांना एक्सेलमध्ये तीन रकाने पुरतात: तारीख, वजन, ट्रेंड. पहिल्या दिवशी ट्रेंड म्हणजे त्या दिवसाचं वजनच लिहायचं. चौथा रकाना कंबरेचा, महिन्यातून एकदा भरायचा. श्वास सोडल्यावर, पोट आत न घेता मोजायची (न घेता म्हटलंय!). त्यासाठी लागणारी शिंप्याची टेप कुठल्याही शिलाई सामानाच्या दुकानात मिळते, आणि तिला बॅटरी लागत नाही.